हलवणे आणि हलणे

प्रश्न : निपाणीजवळच्या एका गावातून 34 वर्षांच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते बेळगावच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात आणि सुट्टीला घरी येतात. त्यांच्या 58 वर्षांच्या आईने सारी हयात बिड्या वळण्यात घालवली. चार महिन्यांपूर्वी पहाटे आईंच्या अंगावरून वारे गेले, म्हणजे पक्षाघात झाला. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलताना शब्द अडखळू लागला, कधी भलताच शब्द येऊ लागला. रुग्णालयातून सोडताना शिकवले त्याप्रमाणे घरची मंडळी सकाळ-संध्याकाळ 200 वेळा हात आणि 200 वेळा पाय हलवून देतात. मुठीत स्पंजचा चेंडू बांधून ठेवलेला असतो. मेव्हण्यांनी सोप्याच्या चौकटीला रहाटाची कप्पी बसवून दिली आहे. तिच्या दोरीला उजवा हात बांधून डाव्या हाताने तो वर ओढायचा, असा व्यायाम महिनाभर चालू आहे आणि साधारण तेव्हापासूनच रात्री खांदा ठणकतो. फिजिओथेरपीच्या ताई विजापूरकडच्या आहेत आणि कन्नडमधून सांगतात. आईंना बाजारापुरते कन्नड कळायचे, पण आता ‘एत्ति’, ‘बिडि’ म्हटले की त्या नुसत्या बघत राहतात. वाचक विचारतात : ‘आम्ही एक दिवस चुकवलेला नाही, तरी हातात ताकद येत नाही. कागदावर आधी 1/5 लिहिले होते, आता 2/5 लिहिले आहे. म्हणजे चार महिन्यांत पाचपैकी एकच गुण वाढला. हलवण्याचे प्रमाण दुप्पट करू का? नोकरी सोडून घरी बसू का? बहीण म्हणते, पारव्याचे रक्त चोळणाऱ्या माणसाकडे नेऊ या. आई हल्ली भिंतीकडे तोंड करून पडून असते.’

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघा मारत गेले. आईला उठवतो, बसवतो, हात हलवतो, पाय दुमडतो, भरवतो, कुशीवर वळवतो, झोपवतो. एवढ्या मोठ्या पत्रात आई स्वतः काही करतात असे सांगणारी वाक्ये शोधावी लागली, आणि सापडली ती दोनच : त्या नुसत्या बघत राहतात, आणि भिंतीकडे तोंड करून पडून असतात. हे मी तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. चार महिने एक दिवसही न चुकता आईची सेवा करणारी घरे मी पाहिली आहेत, आणि ती फार नाहीत. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर या क्रियापदांतच आहे, असे मला वाटते. आपल्या भाषेने हलणे आणि हलवणे हे दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. तुमच्या घरी चार महिने हलवणे झाले, हलणे मात्र फारसे घडू शकलेले नाही, आणि ताकद येते ती हलण्यातून.

तुमच्या मनात, आणि असे पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांच्या मनात, एक समजूत घट्ट बसलेली दिसते. लुळ्या हातातील ताकद निघून गेली आहे, ती बाहेरून भरायची आहे, आणि जितके जास्त हलवू, चोळू, तितकी ती लवकर भरेल, अशी ती समजूत आहे. प्रत्यक्षात बिघाड हातात झालेला नाही. तो मेंदूच्या डाव्या बाजूला झाला आहे, जिथून उजव्या अंगाला हुकूम जातो. तुमच्याकडे शेती असेलच, म्हणून असे सांगते : विहिरीला पाणी आहे, रानही जागेवर आहे, मधला पाट फुटला आहे. पाणी पोहोचत नाही म्हणून रान वाळत चालले आहे. काम न मिळालेला स्नायू काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो, तो असा. आता तुम्ही रोज रानात उतरून भांगलण करता, ढेकळे फोडता. ते उपयोगाचे आहे, कारण पाणी आले तर रान तयार हवे. पण भांगलण केल्याने पाणी येत नाही. पाणी विहिरीकडून सुटावे लागते, आणि ते थोडे थोडे पण पुन्हापुन्हा सुटले, तर जुन्या पाटाच्या बाजूने नवी वाट पडते. मेंदूच्या बाबतीत हे पाणी सोडणे म्हणजे आईंनी स्वतः हात हलवण्याचा केलेला प्रयत्न. हात जागचा हलला नाही, तरी तो प्रयत्न मोजायचा.

दुसऱ्याने हलवून देण्याच्या व्यायामाचे काम वेगळे आहे. सांधा पूर्ण फिरत राहतो, कातडी आणि तळवा स्वच्छ ठेवता येतो, हात कुठे आहे याची जाणीव मेंदूला मिळत राहते, रुग्णाला बरे वाटते. सांधे आखडू नयेत म्हणूनही तो शिकवला जातो. मात्र नुसते ताणून किंवा हलवून आखडणे टळते याचा पुरावा आपल्याला वाटतो तितका भक्कम नाही, असेच या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांना आढळले आहे. म्हणून हा व्यायाम बंद करा असे मी म्हणणार नाही, पण 200 चे 400 करा असे तर मुळीच म्हणणार नाही. खांदा, कोपर, मनगट, बोटे, घोटा असा प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा पाच ते दहा वेळा फिरवला तरी पुरे. मात्र तो सावकाश फिरवायचा. पक्षाघातानंतर स्नायूंत जो ताठरपणा येतो, तो झटक्याने ओढले की वाढतो आणि हळू नेले की सैल पडतो. दोनशेचा आकडा गाठण्याच्या घाईत हात भराभर हलवला जात असेल, तर तुम्हीच त्या ताठरपणाला डिवचत आहात.

यात चूक तुमची नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात मीही नातेवाइकांना केवळ हलवून देण्याचे व्यायाम शिकवून घरी पाठवत असे, कारण ते पाच मिनिटांत शिकवता येतात आणि दाराबाहेर रांग मोठी असायची. ‘पहिले काही दिवस हे करा, नंतर पुढचे शिकायला या’ असे मी सांगत असे. त्यातले ‘नंतर या’ घरापर्यंत पोहोचत नसे आणि मीही त्याचा पाठपुरावा करत नसे. आज त्याचे मला वाईट वाटते. तुमच्या बाबतीतही बहुधा असेच झाले असावे.

आता त्या कागदावरच्या आकड्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत चांगली बातमी तिथे आहे आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. 2/5 म्हणजे पाचपैकी दोन गुण किंवा 40 टक्के ताकद असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मज्जातंतूंच्या जखमा तपासण्यासाठी ही श्रेणी रूढ केली, आणि तिची प्रत्येक पायरी वेगळे काही सांगते. शून्य म्हणजे स्नायूत हालचाल नाही. एक म्हणजे बोट लावले तर स्नायू फडफडलेला कळतो, पण सांधा हलत नाही. दोन म्हणजे सांधा हलतो, पण त्या अवयवाचे वजन कुणीतरी पेलले तर. तीन म्हणजे स्वतःचे वजन उचलून हलतो. चार म्हणजे वर थोडा विरोध केला तरी हलतो, आणि पाच म्हणजे पूर्ववत. एकवरून दोनवर येणे म्हणजे फडफडणारा स्नायू सांधा हलवू लागणे. तुमच्या आईंचा दंड आणि कोपर आज हलू शकते! ते तुम्हाला दिसले नाही, कारण हात हवेत उचलता येतो का एवढेच तुम्ही पाहत होता, आणि एरवी तो हात सतत तुमच्या हातात होता. जो हात दुसरा कुणी हलवतो आहे, तो आपणहून किती हलतो हे कसे दिसणार?

म्हणून उद्या एक गोष्ट करून पाहा. आईंना पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसवा, दोन्ही पावले जमिनीला टेकू द्या, आणि समोर छातीच्या खालपर्यंत येईल असे गुळगुळीत मेज ठेवा. स्वयंपाकघरातील कडाप्प्याचा ओटा बसण्याच्या उंचीचा असेल तर तोही चालेल. त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत त्यावर पसरून ठेवा आणि हाताखाली एक सुती रुमाल घाला. हाताचे वजन आता ओट्याने घेतले आहे. समोर वीतभर अंतरावर त्यांच्या ओळखीची एखादी वस्तू ठेवा, त्यांची चंची, चहाचा कप, नातवाचा चेंडू, आणि म्हणा, ‘आई, हात तिकडे न्या.’ मग थांबा. दहा अंक मनात मोजा. हे थांबणे घरातल्या माणसाला सर्वांत जड जाते. आपला हात नकळत पुढे जातो, ‘जाऊ दे, मीच देते’ असे होते. तसे होऊ देऊ नका. दहा मोजूनही काही झाले नाही, तर दोन बोटांनी कोपराला मागून जेमतेम आधार द्या, हात सरकू लागला की ती बोटे काढून घ्या. पुन्हा अडला, पुन्हा थांबा. पावडरीत हाताचा माग उमटतो. तो पुसू नका. पहिल्या दिवशी कदाचित दोन बोटे रुंदीचाच माग असेल. चुन्याने तिथे खूण करा. पुढच्या आठवड्यात माग खुणेपलीकडे गेला तर आईंना ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि तसे दिसणे आमच्या कौतुकापेक्षा फार मोठे असते.

हलवून देण्याच्या व्यायामातही हीच रीत घालता येते. कोपर वाकवण्याआधी सांगा, थांबा, मग वाकवा. आणि वाकवताना आईंनी ‘मी वाकवते आहे’ असे मनात धरून हाताकडे पाहावे. पत्र न लिहिणाऱ्या पण ज्यांच्या घरी अजून 0 किंवा 1 श्रेणीचा हात आहे त्यांच्यासाठीही हे आहे : हालचाल दुसऱ्याची असली तरी लक्ष आणि प्रयत्न रुग्णाचा असू द्या.

आकडा मोजायचाच असेल तर हा मोजा. अमेरिका आणि कॅनडातील पुनर्वसन केंद्रांत 312 सत्रांचे निरीक्षण करून 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव झाला, त्यांत तो सरासरी फक्त 32 वेळा झाला होता, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल दिसण्यासाठी दिवसाला शेकडो वेळा सराव लागल्याचे आढळले होते. म्हणजे मोठ्या केंद्रांतही सराव कमीच पडतो, आणि तिथे घराची बाजू वरचढ ठरू शकते, कारण दिवस घरी जातो. तुमचे 200 मला हवे आहेत. पण ते आईंचे असावेत, एका दमात न करता दिवसभरात दहा-दहा, पंधरा-पंधरा असे विखुरलेले असावेत, आणि त्यांतला प्रत्येक कशासाठी तरी असावा.

कप्पीबद्दल मात्र चर्चा नको. ती आजच उतरवा. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात, दंडाचे हाड खोबणीतून किंचित खाली उतरते, आणि अशा वेळी फरा (पाठीकडचे खांद्याचे पाते) जागेवरून न फिरता हात वर ओढला गेला, तर खांद्यातील मऊ भाग दोन हाडांच्या मध्ये चेमटतात. डोक्यावरच्या कप्पीचा व्यायाम करणाऱ्या अशा रुग्णांत खांदेदुखी अधिक आढळते, हे बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. मेव्हण्यांनी मायेने बसवली, हे मला कळते; त्यांना हे कारण समजावून सांगा. यापुढे आईंना उठवताना उजवा हात धरून ओढायचे नाही आणि बगलेत हात घालून उचलायचे नाही. कंबरेला आणि पाठीमागे फऱ्यावर आधार द्यायचा. खांदा फिरवून देताना तुमचा एक तळवा त्यांच्या फऱ्यावर हवा, त्यांचा अंगठा वर छताकडे हवा, आणि ठणका थांबेपर्यंत दंड खांद्याच्या उंचीपलीकडे न्यायचा नाही. बसल्यावर हात लोंबकळू न देता मांडीवरच्या उशीवर ठेवा, आणि डाव्या कुशीवर झोपल्यावर तो पुढे घेऊन उशीवर ठेवा. पंधरा दिवसांत ठणका उतरला नाही, किंवा पंजा सुजला, तर डॉक्टरांना दाखवा. दुखणाऱ्या खांद्याच्या हाताकडून मेंदू काम करून घेत नाही, त्यामुळे वरचे सारे व्यायाम या एका दुखण्यापाशी अडतात.

चेंडूचेही तसेच. पक्षाघाताच्या हाताला मूठ मिटणे फारसे शिकवावे लागत नाही, ती आपोआप मिटत जाते. अवघड असते ते उघडणे, हातातली वस्तू सोडणे. चेंडू दिवसभर बांधून ठेवल्याने तळवा घामेजतो आणि हाताला चार महिने एकच धडा मिळतो, आवळण्याचा. तो काढा. बोटे पसरून ठेवणारी पट्टी रात्री लावायची का, हे फिजिओथेरपिस्टना विचारा. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिता की ताई ‘बिडि’ म्हणतात आणि आई बघत राहतात. कन्नडमध्ये ‘एत्ति’ म्हणजे ‘उचला’ आणि ‘बिडि’ म्हणजे ‘सोडा’. ज्या बाईंनी लहानपणापासून बिडीच वळली, आणि ज्यांच्या मेंदूतील शब्दांच्या जागेलाही धक्का बसला आहे, त्यांना ‘बिडि’ या शब्दाने काय समजावे? डावा मेंदू दुखावल्यावर मायबोलीतही अर्थ लागायला वेळ लागतो. मागाहून शिकलेल्या, बाजारापुरत्या भाषेत तर फारच. आई ऐकत नाहीत, आळस करतात, असा निष्कर्ष काढण्याआधी त्यांना कळले का हे पाहावे लागते. पुढच्या भेटीला घरातल्या एकाने सोबत बसावे, ताईंकडून प्रत्येक सूचना समजून घ्यावी आणि तिच्यासाठी एकच मराठी शब्द ठरवावा : उचला, सोडा, पुढे, थांबा. तोच शब्द सगळ्यांनी वापरायचा, एका वेळी एकच सांगायचे, आणि सोबत आपल्या हाताने करून दाखवायचे. आपल्या भागात दोन्ही भाषा घराघरांत नांदतात, ताईही ते आनंदाने करतील. बोलणे अडखळते आहे म्हणून वाचा-उपचार करणाऱ्यांनाही एकदा दाखवा; त्यासाठी बेळगाव किंवा कोल्हापूर जे सोयीचे असेल तिथे जा.

आणि बिडीचा उपयोग आपण करू या. ज्या हाताने हजार-हजार बिड्यांचा हिशेब पुरा केला, त्या हाताला ‘मनगट वर करा’ या हुकमापेक्षा पानाची ओळख जास्त आहे. भिजवून मऊ केलेली टेंभुर्णीची पाने सुपात घालून सूप आईंच्या मांडीवर द्या. तंबाखू नको, ती घरात शिल्लक असेल तर देऊन टाका. पान कापायचा पत्रा पानावर ठेवून तो उजव्या हाताने नुसता दाबून धरायचा आणि डाव्या हाताने पान सरळ करायचे, हे काम आजच्या ताकदीत जमण्यासारखे आहे. मग उजव्या हाताने पानांची चळत सुपाच्या एका कडेकडून दुसरीकडे सरकवायची. पुढे कधीतरी अंगठा आणि तर्जनीत पान धरून ते सोडायचे. ते पान वळले गेले नाही तरी चालेल. माझ्या पाहण्यात एक बाई होत्या, ज्यांची बोटे चेंडूवर कधीच उघडली नाहीत, पण ओल्या पानाची कड बोटांना लागताच अंगठा आपणहून बाजूला झाला. प्रत्येकाचे असे होईल असे वचन मी देत नाही. पण ओळखीच्या कामातून केलेला सराव हाताला अधिक मानवतो, आणि पानांच्या सुपाजागी कुणाकडे लसणाच्या पाकळ्या, कुणाकडे जपमाळ, कुणाकडे दुकानाची नाणी असतील.

फुटा-दीड फुटाचा आरसा असेल तर तोही वापरा. तो आईंच्या समोर उभा असा ठेवायचा की उजवा हात आरशामागे झाकला जाईल आणि डाव्या हाताचे प्रतिबिंब उजव्या हाताच्या जागी दिसेल. डावा हात उघडायचा-मिटायचा आणि आरशात पाहत उजव्यानेही तसेच करू पाहायचे, दहा-पंधरा मिनिटे. या उपायाचे 60 हून अधिक अभ्यास एकत्र तपासून 2018 मध्ये निष्कर्ष निघाला की इतर उपचारांच्या जोडीने त्याचा हाताच्या हालचालीला फायदा होतो. चांगला हात बांधून ठेवण्याच्या उपचाराचे व्हिडिओ कदाचित तुम्हाला मोबाइलवर दिसतील. तो उपाय खरा आहे, पण मनगट आणि बोटे थोडी तरी आपणहून उघडणाऱ्यांसाठी आहे, आईंसाठी आज नाही.

पायाचे थोडक्यात. पायाला सर्वांत चांगला व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणे आणि बसणे. खुर्चीवर घट्ट गादी घालून बैठक उंच करा, उजवे पाऊल डाव्याच्या किंचित मागे ठेवा, म्हणजे त्याला वजन घ्यावेच लागते. नाक पावलांच्या पुढे येईपर्यंत वाकायचे आणि उठायचे. उजव्या बाजूला एका माणसाने कंबरेजवळ उभे राहायचे, ओढायचे नाही. आधी पाच वेळा, जमले की दहा, दिवसातून तीन-चार वेळा. श्वास कोंडू नये म्हणून तोंडाने आकडे मोजायचे. फरशी गुळगुळीत असते, तेव्हा मोजे घालून मुळीच नको. रक्तदाब आटोक्यात आहे ना, आणि एवढे श्रम चालतील ना, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या. ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो असे पूर्वी मानत. अभ्यासांत तसे आढळलेले नाही, त्यामुळे कुणी तसे भय घातले तर घाबरू नका.

बहिणीचे म्हणणे. वारे गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपणहून सर्वांत वेगाने सावरतो. त्या काळात पारव्याचे रक्त चोळलेल्या माणसाचाही हात हलू लागतो, आणि श्रेय रक्ताला जाते. लुळ्या अंगावर प्राण्याचे रक्त चोळून मेंदूतील वाट उघडत नाही, जंतुसंसर्गाचा धोका मात्र राहतो. तेलाची हलकी मालिश हवी तर करा, आईंना मायेचा स्पर्श मिळेल. गरम वीट किंवा पिशवीने शेकू नका, कारण त्या अंगाला चटका कळेलच असे नाही. मला जास्त भीती वाटते ती सोबत मिळणाऱ्या पुड्यांची आणि ‘इंग्रजी गोळ्या बंद करा’ या अटीची. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी आणि रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता एक दिवसही थांबवू नका. बहिणीशी वाद घालू नका. तिला पावडरीतला माग दाखवा आणि एक काम तिच्याकडे द्या.

नोकरी सोडू नका. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्या माणसाला पुनर्वसनाचे शिक्षण देऊन पाहिले; सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच राहिले. हे वाचून मला वाईट वाटले होते, पण यात तुमच्यासाठी दिलासाही आहे. आईंचा हात बरा होणे हे तुमच्या घराच्या कष्टांवर एकट्याने अवलंबून नाही, त्यामुळे अपयशाचे ओझे तुम्ही एकट्याने वाहू नका, आणि घरी आपण करतोच आहोत म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जाणेही थांबवू नका. पगार चालू राहिला तर ते जाणे चालू राहील. एक गोष्ट मात्र विचारते. पत्रात तुम्ही सगळीकडे ‘आम्ही’ लिहिले आहे. आठवड्यातले पाच दिवस तुम्ही बेळगावला असता, म्हणजे ते ‘आम्ही’ बहुतेक वेळा तुमच्या पत्नी आहेत. त्यांची कंबर कशी आहे, त्यांना दुपारी तासभर कुणी मोकळे करते का, हे पत्रात नाही. 200 वेळा हलवण्यातून वाचलेला वेळ सगळाच नव्या व्यायामांत घालू नका, त्यातला थोडा त्यांना द्या.

भिंतीकडे तोंड करून पडण्याबद्दल. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला नैराश्य येते, आणि ज्यांना शब्द सापडत नाहीत त्यांचे नैराश्य घरच्यांना रुसवा किंवा हट्ट वाटते. स्वतःच्या कमाईवर घर चालवलेल्या बाईंना चमच्याने भरवले जात आहे. डॉक्टरांना हे नेमक्या शब्दांत सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि मन उठले तर व्यायामालाही अंग उठते. जेवण डाव्या हाताने त्यांनाच घेऊ द्या, गिळताना ठसका लागत नसेल तर. सांडेल, वेळ लागेल, लागू द्या.

पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम झाली तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडे होणे, नवा लुळेपणा, अचानक बोबडे बोलणे असे पुन्हा काही झाले तर वाट न पाहता 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातला निम्मा वेळ आपल्याकडे ‘सकाळपर्यंत बघू’ यात जातो.

चार महिने म्हणजे उशीर झाला, असे नाही. वेग पहिल्या महिन्यांसारखा राहणार नाही, सहा महिन्यांनंतर तो आणखी मंदावेल, पण सरावाने फरक पडणे त्यानंतरही चालू राहते. हात पूर्वीसारखा बिडी वळेल का, हे आज कुणीही सांगू शकणार नाही. बोटे मागे राहतील आणि दंड पुढे जाईल, असेही होईल. पंधरा दिवसांनी चुन्याच्या खुणेपासून माग किती पुढे गेला ते मला लिहून कळवा. आणि उद्या सकाळी व्यायामाला बसताना सुरुवात तुम्ही ठरवू नका. आईंना विचारा, आधी हात घ्यायचा की पाय, आणि त्या बोट दाखवेपर्यंत थांबा.